दोन थर

हेल्वीच्या हातच्या मलमाची डबी उत्तर टोकावरच्या आमच्या केलोवारा गावात प्रत्येक घरी सापडते. दाराजवळ, हातमोज्यांच्या टोपलीत. रेनडिअरची चरबी, मेण आणि थोडं पाइनचं डांबर, एवढंच त्यात असतं. पाण्याचा थेंब नाही. वास असा की पाहुणे नाक मुरडतात. पण कडाक्याची थंडी पडली की आम्ही सकाळी तोंडसुद्धा धूत नाही. डबीत बोट घालायचं, गाल, नाक, कानाच्या पाळ्या माखायच्या, वर मफलर गुंडाळायचा आणि कामाला लागायचं. चेहऱ्याचे लाड संध्याकाळी, घरात बसून. हे आम्हाला कोणी शिकवलं ते कुणालाच आठवत नाही, आणि म्हणूनच ते बाहेरच्या माणसाला कोणी सांगत नाही.

वेन्ला बाहेरची होती. तुर्कूची, म्हणजे पार दक्षिणेची. तिकडे हिवाळा म्हणजे पाऊस, चिखल आणि सर्दी. ती ब्यूटीशियन होती, दिसायला नीटस, बोलायला गोड, आणि आमच्या गावाला अजिबात न मानवणारी एक सवय तिला होती. ती सासूला, म्हणजे हेल्वीला, ‘तुम्ही’ म्हणायची. आमच्याकडे पाळण्यातलं पोरही पाद्र्याला ‘तू’ म्हणतं. हेल्वीला त्या ‘तुम्ही’तून दार लोटून घेतल्यासारखं वाटायचं, आणि बिचारी वेन्ला समजत होती की आपण मान देतोय.

हेल्वीचा मुलगा ओस्सी बायको वेन्ला आणि मुलगी इन्का यांना घेऊन गेल्याच्या आदल्या शरदात गावी परतला, आणि अंगणापलीकडच्या घरात त्यांनी संसार मांडला. हेल्वीला नात हवी होती. सून सोबत आली, त्याला इलाज नव्हता. मी गावच्या दवाखान्यात नर्स आहे, हेल्वीचं ब्लडप्रेशर मीच बघते. नात अंगणात आल्यापासून तिचा पारा उतरला होता, हे मी स्वतः पाहिलंय. आणि वेन्लाला काय हवं होतं? सासूनं एकदा बरं म्हणावं. एवढ्यासाठी ती वेलचीचे पाव भाजून अंगण ओलांडायची. पाव फुलायचे, हेल्वी नाही.

नोव्हेंबरात वेन्लानं गावच्या हॉलमध्ये बायकांना बोलावलं. विषय, हिवाळ्यातली त्वचेची निगा. कोमट पाण्यानं तोंड धुवा, फार गरम नको. त्वचा ओलसर असतानाच क्रीम लावा, म्हणजे ओलावा आत राहतो. ओठ जिभेनं चाटू नका. ओट भिजवून त्याचा लेप लावा. सल्ले चांगले होते, मी आजही रात्री ओटचा लेप लावते. मग तिनं दारातल्या टोपलीतून एक डबी उचलली, झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, “हे तोंडाला लावायचं की बुटांना?”

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण वास खरोखर बुटांसारखाच आहे. हेल्वी दुसऱ्या रांगेत होती. तीही हसली, पण ओठ मिटून. डबी तिच्या हातची आहे हे वेन्लाला ठाऊक नव्हतं. ओस्सीनं कधी सांगितलंच नव्हतं. अशा गोष्टी बोलायच्या असतात हे आमच्या पुरुषांच्या गावीही नसतं. घरी गेल्यावर वेन्लाला कळलं, तशी ती धावत माफी मागायला गेली. जाताना काय नेलं, तर स्वतःच्या महागड्या क्रीमची बाटली. हेल्वी म्हणाली, त्यात काय एवढं, आणि बाटली खिडकीत ठेवली. ती तिथे तशीच राहिली, बिनउघडलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

जानेवारीतल्या एका रविवारी ओस्सी इन्काला कडेवर घेऊन दवाखान्यात आला. ते तिघं तळ्यापलीकडे मासे धरायला निघाले होते. ओस्सी पुढे बर्फावरची स्कूटर चालवत होता, मागच्या घसरगाडीत मायलेकी. पारा उणे तिशीच्या खाली आणि वर स्कूटरचा वारा. अर्ध्या तळ्यावर पोर रडायची थांबली. वेन्लाला वाटलं, झोप लागली.

इन्काचे दोन्ही गाल पांढरे पडले होते, मेणबत्तीसारखे कडक. वेन्लाच्या गालांवरही डाग होते, पण त्यांच्याकडे कोण बघणार? मी कोमट पाण्याचे बोळे ठेवायला घेतले. गोठलेलं कातडं परत जिवंत होताना कसं दुखतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच माहीत. पाच वर्षांची पोर गुरासारखी ओरडत होती आणि तिचा बाप भिंतीला पाठ लावून उभा होता. तोंडाला काय लावलं होतं, मी विचारलं. वेन्ला म्हणाली, क्रीम. तोंड धुऊन, निघायच्या आधी.

“मुम्मोनं सकाळी डबीतलं लावलं होतं,” इन्का हुंदके देत म्हणाली. आजीला ती मुम्मोच म्हणते. “आईनं पुसून टाकलं. वास येतो म्हणाली.”

हेल्वी तेवढ्यात दारात येऊन उभी राहिली होती. हे ऐकलं आणि ती खुर्चीवर बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. मी तिच्यासाठी पाणी आणायला वळले तर ती उठलेली, ताठ. तिनं सुनेकडे पाहिलंच नाही, मुलाला म्हणाली, “विचारायची सोय होती, ओस्सी. एका शब्दानं विचारलं असतं, तर मी सांगितलं नसतं का?”

वेन्लानं मान वर केली, ओठ उघडले, पुन्हा मिटले आणि इन्काचा हात धरला. ओस्सीनं बायकोकडे असं पाहिलं की मी उगाच कपाटात पट्ट्या शोधत बसले.

इन्काच्या गालांवर फोड आले, काळे पडले, मग खपल्या धरल्या. गावानं निकाल देऊन टाकला. नटवी बाई, स्वतःच्या पोरीचे गाल सौंदर्यापायी गोठवून बसली. वेन्लाच्या घरातल्या पार्लरकडे कोणी फिरकेना, मग तिनं दारावरची पाटी काढली. ओस्सीनं फर्मान सोडलं की यापुढे पोर बाहेर पडताना आई बघेल, म्हणजे त्याची आई. रोज सकाळी हेल्वी अंगण ओलांडून यायची, स्वयंपाकघरात बसून नातीला मांडीवर घ्यायची आणि खपल्यांच्या कडेकडेनं हलक्या बोटानं मलम लावायची. वेन्ला बाजूला उभी राहून स्वेटर धरायची. हेल्वीला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

तीनेक आठवड्यांनी एका शनिवारी मी गावच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात गेले. त्याआधीच्या शनिवारी माझी ड्युटी असायची, त्यामुळे बायकांची सौनाची वेळ हुकायची. हेल्वी नातीपाशी होती म्हणून आली नव्हती. वरच्या बाकावर आम्ही पाच-सहा जणी, दगडांची वाफ, बर्चच्या फांद्यांचा वास, आणि विषय अर्थात इन्काचे गाल. मी म्हटलं, एवढ्या बायका आहात, कोणी त्या मुलीला सांगितलं कसं नाही? मग दुकानवाली ताइमी पायांकडे बघत म्हणाली, “तिनं विचारलं होतं.”

त्या रविवारच्या आदल्या दिवशी इथेच, याच बाकावर, ताइमी सांगू लागली. उद्या तळ्यावर जातोय, वेन्ला म्हणाली होती, तुम्ही सगळ्या तोंडाला काय लावता? एवढ्या बायकांत तिनं नेमकं सासूकडे बघून विचारलं. आणि हेल्वी गोड आवाजात म्हणाली, “तज्ज्ञ तू आहेस. तुझंच लाव. चांगले दोन थर लाव.” ताइमीला हसू आवरेना, तिनं तोंड फांद्यांच्या जुडीत खुपसलं. बाकीच्यांनीही खाली माना घालून हसून घेतलं. सगळ्यांना वाटलं, गालावर दोन डाग घेऊन येईल, आठवडाभर आरशात बघेल आणि शहाणी होईल. पोरीचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

“तिच्या स्वतःच्या तोंडाचीच गंमत होती गं,” ताइमी म्हणाली. “पोरीला लावेल असं कोणाला वाटणार?”

मी दगडांवर बादलीभर पाणी ओतलं. सगळ्या किंचाळत खालच्या बाकावर उतरल्या. मला त्यांचे चेहरे बघवत नव्हते. आई स्वतःला चांगलं लावते ते पोराला लावत नाही, असं कुठलं गाव आहे?

दुसऱ्या दिवशी मी वेन्लाकडे गेले. पट्टी बघायचं निमित्त होतं. मी सरळ विचारलं, दवाखान्यात का नाही बोललीस, की विचारलं होतं म्हणून?

“कशाला?” ती म्हणाली. “त्यांना काय माहीत, माझ्या क्रीममध्ये काय असतं? त्या चांगल्या मनानंच म्हणाल्या.” मग खाली बघत हळूच म्हणाली, “पहिल्यांदाच माझ्या क्रीमला बरं म्हणाल्या होत्या. म्हणून तर इन्कालाही लावलं. दोन थर.”

इथे थांबले असते तर चाललं असतं. घर शांत होतं, पोर बरी होत होती. पण हेल्वी दवाखान्यात जे खोटं बोलली ते माझ्या समोर, माझ्या हातात त्या पोरीचं तोंड असताना बोलली होती, आणि ते मला गिळवत नव्हतं. मी म्हटलं, “तुझ्या बाटलीवर घटकांच्या यादीत छापलंय ना पहिलंच, पाणी? ती बाटली हेल्वीच्या खिडकीत आहे. आणि पाणी तोंडाला लावून थंडीत जायचं नाही हे इथे बालवाडीतल्या पोरांना कळतं. ती चांगल्या मनानं म्हणाली नाही. सगळ्या बायका हसत होत्या.”

वेन्ला टेबलावरचा पावाचा चुरा बोटानं गोळा करत राहिली. मला वाटलं रडेल, आदळआपट करेल, सामान बांधून तुर्कूची वाट धरेल. त्यातलं तिनं काहीही केलं नाही. तिनं मला कॉफी दिली. जाताना मला हात धुवायला साबण दिला आणि म्हणाली, इथे संध्याकाळी धुतलेलं चालतं ना? मला तो तेव्हा विनोद वाटला.

हे गेल्या वर्षीचं. इन्काचे गाल आता भरलेत, पण थंडीत बाहेर पडली की लालभडक होतात आणि सुयांसारखे टोचतात. ते आणखी काही वर्षं चालेल.

परवा सकाळी मी हेल्वीचं ब्लडप्रेशर बघायला गेले तर ती ओस्सीच्या घरी होती, म्हणून मीही तिकडेच गेले. इन्काला शाळेत जायचं होतं. हेल्वी गुडघ्यांवर बसून डबी उघडत होती. बोटावर मलम घेतलं तशी इन्कानं दोन्ही तळहात गालांवर ठेवले.

“थांब, मुम्मो,” ती म्हणाली. “आधी आईला विचारते.”

पोर आत धावली. हेल्वीनं माझ्याकडे पाहिलं नाही. रोजच असं करते, ती म्हणाली, जणू मी विचारलं होतं. बोटावरचं मलम तसंच होतं.

आतून वेन्लाचा आवाज आला, गोड, स्वच्छ, अगदी दारापर्यंत ऐकू जाईल असा. “लावू दे की, बाळा. मुम्मो तज्ज्ञ आहे.” आणि थोडं थांबून, “हेल्वी, चांगले दोन थर लाव हं.”

वेन्ला तिला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणत होती. इन्का परत येऊन शहाण्यासारखी उभी राहिली, डोळे गच्च मिटून, दुखणार आहे हे माहीत असलेलं पोर इंजेक्शनला उभं राहतं तशी. हेल्वीनं एक थर लावला. मग डबीत पुन्हा बोट घातलं आणि दुसरा लावला. या वेळी मलम पोरीच्या डोळ्याला लागलं.

त्या दिवशी मी हेल्वीचं ब्लडप्रेशर मोजलंच नाही.