रेश्माच्या दारचा नळ

आमचं ह्ये गावच्या टाकीवरनं पाणी सोडत्यात. तानाजी पाणीवाला म्हनलं की कुनीबी घर दावंल. टाकीत औषध टाकायचं, मग काचेच्या नळीत नळाचं पाणी घेऊन त्यात तपासायच्या बाटलीतलं दोन थेंब सोडायचं. पिवळं झालं की पाणी चांगलं. पांढरंच ऱ्हायलं की औषध पोचलं न्हाई, प्यायचं न्हाई. ह्ये समदं मला लग्नापासनं ठावं हाय. पर ही तपासणी रोज सकाळी रेश्माच्याच दारात का व्हावी, ह्ये मातर माझ्या डोक्यात कवाच शिरलं न्हाई.

"आगं, तिचा नळ लायनीच्या टोकाला हाय," ह्ये म्हनायचं. "टोकाला औषध पोचलं म्हंजी समद्यांला पोचलं."

टोक म्हनं! रेश्माचा नवरा फौजेत, बाई दिसाय फटाकडी, सकाळच्या पारीच वेणी-फणी करून तयार. माझं केस दुपारपतोर सुटलेलं असत्यात. ती हसली की आमचं ह्ये नळी हालवायचं इसरत्यात, ह्ये म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय. एक दिस म्या जेवायलाच वाढलं न्हाई. म्हनलं, "आजपासनं आपल्याच नळाला बघा. पाणी एकच हाय की. तिच्या गल्लीत पाऊल टाकलं तर माझी आन हाय तुमाला."

आन घातल्यावर बिचाऱ्याचं काय चालतंय? आमच्या नळाचं पाणी रोज मस्त पिवळं निघायला लागलं. मला लय बरं वाटलं. पर ह्येंना काय चैन पडंना. "टोकाचं बघाय पायजे राणी," सारखं त्येच. तवा मीच नळी आन थेंबाची बाटली घेऊन निघाले. मी बघून आल्यावर तरी ह्येंच्या जायाला कारन उरू नये.

रेश्मा दारातच व्हती. तिची धाकटी पोर नळाला पेला लावून उभी. म्या नळी भरली, थेंब टाकलं, हालवली. पांढरं. परत भरली. पांढरंच. मनात आलं, गप ऱ्हावं, घरी जाऊन पिवळं हाय म्हनून सांगावं. खरं सांगितलं तर आमचं ह्ये उद्यापासनं हितंच उकरत बसनार. तवर पोरीनं पेला तोंडाला लावला. म्या झडप घालून त्यो हिसकला. पाणी तिच्या झग्यावर सांडलं, पोर रडाय लागली.

"वैनी, माझ्यावर राग हाय ते ठावं हाय मला," रेश्मा म्हनली. "पर त्यो लेकराच्या पाण्यावर कशाला काढता?"

म्या ह्येंना फोन लावला. "आवं, रेश्माच्या दारात या. आत्ता. आन येताना गल्लीत समद्यांला सांगा, पाणी पिऊ नका."

ह्ये आलं, गटाराजवळ उकरलं. पाइपाला चीर पडलेली, गटाराची घाण आत शिरत व्हती. रेश्मानं पोरीला जवळ ओढून घेतलं.

पाइप जोडून झाल्यावर ह्ये मान खाली घालूनच म्हनलं, "आता रोज येऊन बघाय लागंल."

"या की," म्या म्हनलं.

रेश्मानं टाकीवरनं घागर आनून तिघांचा चहा टाकला. "वैनी, साखर किती?" मला इचारलं.

ह्येंना इचारलं न्हाई; त्येंच्या कपात न इचारताच दोन चमचं पडलं.