पत्त्यांच्या टेबलाने ऐकलेला प्रश्न

मित्रांनो, मी पत्त्यांचं एक जुनं टेबल आहे. लंबगोल, आठ जणांचं, अंगावर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड. माझ्या सुताराने शेवटचा खिळा ठोकला, स्वतः माझ्यावर चढून उभा राहिला आणि म्हणाला, "आता भांडा खुशाल!" मग मी एका क्लबाच्या वरच्या मजल्यावर आलो.

तिथे दर रविवारी दुपारी पोकरचा डाव रंगे. पैसे लावायला बंदी होती. रंगीत चकत्या आणि वर्षाअखेरचा एक पितळी कप, एवढ्यासाठीच माणसं हमरीतुमरीवर येत. या खेळात पानं लपवायची असतात. तोंड मात्र कुणाला लपवता येत नाही. हे सगळ्यात आधी ओळखलं ते सिस्टरने. त्या निवृत्त नर्स होत्या. स्वतः कमी बोलत, दुसऱ्याला बोलतं करत. नेहमीचे भिडू शिंपीबुवा वाईट पानांवर थाप मारत असले की मूग गिळून बसत, आणि पानं चांगली असली की नातवंडांच्या गोष्टी सांगत. सिस्टर विचारत, "नात काय म्हणतेय?" उत्तर लांबलं, की त्या आपली पानं खाली ठेवत.

"सिस्टर पत्ते वाचत नाहीत, माणसं वाचतात," लोक म्हणत. मला मोठा अभिमान वाटे.

मग मामा येऊ लागले. ते शाळेची बस चालवत. मुलं मामा म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले. हसरे, मोठ्या आवाजाचे. शिंपीबुवा त्यांच्या डावीकडे बसत. शिंपीबुवांनी चकत्या टाकल्या तरी मामा विचारत, "यांचं झालं का?" सिस्टरला वाटलं, ही थाप मारायची खूण. त्यांनी भरपूर चकत्या लावल्या आणि सपशेल हरल्या.

त्या दिवसापासून सिस्टरने कान टवकारले. पानं चांगली असोत की वाईट, मामांचा प्रश्न ठरलेला. तोही फक्त डावीकडच्या माणसाबद्दल. एकदा त्यांच्या डाव्या कोपराने पाण्याचा पेला माझ्यावर लवंडला. "हे पेले माझ्यावर टपूनच असतात!" मामा हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांची बोटं माझ्या कडेवर गारठल्यासारखी थांबली.

डाव संपला. सगळे खाली गेले. सिस्टरने मामांना थांबवलं. "सरळ माझ्याकडे बघा. टेबलावर चकत्या किती?"

"तीन."

पाच होत्या. दोन डावीकडे होत्या.

मामांचा चेहरा उतरला. "सिस्टर, पोटावर पाय देऊ नका. डाव जिंका, कप घ्या, पण हे कुठे बोलू नका."

"मामा, उद्या सोमवार. बसमध्ये चाळीस मुलं. एखादं डावीकडून पुढे आलं तर?"

मामा खुर्ची ढकलून निघून गेले. सिस्टर कितीतरी वेळ माझ्यावर हात टेकून उभ्या होत्या.

मित्रांनो, तो आठवडा मला खायला उठला. पुढच्या रविवारी मामांची खुर्ची रिकामी होती. जिन्यात पाऊल वाजलं की सिस्टरची पानं हातातच राहत. त्या दिवशी त्या प्रत्येक डाव हरल्या.

त्याच्या पुढच्या रविवारी मामा आले. बसले नाहीत, उभ्यानेच बोलले.

"सोमवारी मुलं चढायच्या आधी बसमधल्या ताईंना म्हटलं, जरा डावीकडून चालत या. मी वाट बघतोय. त्यांनी काच वाजवली तेव्हा कळलं, त्या कधीच्या येऊन उभ्या होत्या. चावी तिथेच दिली. दवाखान्यात गेलो. डावीकडची गेलेली नजर येणार नाही म्हणतात. उरलेली वाचेल."

शिंपीबुवा उठले आणि आपली जागा त्यांनी सिस्टरला दिली. मामांना बसवून सिस्टर त्यांच्या डावीकडे बसल्या, पानं उचलली आणि मोठ्याने म्हणाल्या, "मी दोन टाकल्या हो, मामा."

आज माझी बनात विरली आहे. अंगावर रद्दीचे गठ्ठे आहेत. त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पण तुमच्या घरात कुणी हल्ली टीव्हीचा आवाज वाढवत असेल, जिन्यात कठडा घट्ट धरत असेल, तर त्याची चेष्टा करू नका. जवळ बसा, हळूच विचारा. तो चिडेल. चिडला तरी विचारा.