दोरा नसलेली शिवण

मित्रांनो, मी एक जुनी, पायानं चालवायची शिलाई मशीन आहे. कारखान्यातून आले तेव्हा अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. आता नुसता काळा रंग उरलाय. माझ्या मालकिणीला सगळे मास्तरीण म्हणतात. तिचा हात इतका सफाईदार, की गिऱ्हाइकं कपडा उलटा करून शिवण बघत आणि माझंही कौतुक करत. मला त्याची भारी ऐट होती.

भिंतीपलीकडे तिची मैत्रीण काजं-बटणं करते. माझी खडखड ऐकू आली की ती तिकडून ओरडायची, "मास्तरीणबाई, आज गाडी जोरात!" मास्तरीण इकडून टोमणा परत पाठवायची.

पुढे टोमणे थांबले. मास्तरीण केस विंचरेना, डबा न उघडताच घरी नेऊ लागली. मग एके दिवशी माझ्या सुईतला दोरा संपला आणि तिनं नवा ओवलाच नाही. पाय मात्र चालूच. सुई कापडाला नुसती भोकं पाडत होती. मला थांबायचं होतं. पण पाय मारणारा थांबेल तेव्हाच मला थांबता येतं. पलीकडे मैत्रीण माझा आवाज ऐकून निर्धास्त होती.

दुपारी मास्तरणीनं एक सदरा टाचण्या लावून काजांसाठी नेऊन दिला. सोबत आपली कात्रीही दिली.

"ठेव तुला. मला आता नाही लागायची."

जी कात्री ती कुणाला हात लावू देत नसे, ती! मैत्रीण "अगं, पण..." म्हणेपर्यंत ती परतली. आतून कडी लागली. मी पुन्हा धावू लागले.

पलीकडे मैत्रिणीनं टाचण्या काढल्या आणि बाही गळून तिच्या हातात आली. शिवणीच्या जागी नुसती भोकं होती. दुसऱ्याच क्षणी आमचं दार धडाधडा वाजलं.

"कडी काढ! काही बोलू नकोस, फक्त कडी काढ!"

माझं चाक थांबलं. मास्तरीण दाराकडे बघत बसून राहिली. उठेचना. मैत्रीण हाका मारतच राहिली, तेव्हा कुठे ती उठली.

मैत्रिणीनं उपदेश केला नाही. तिचे हात धरून सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

मास्तरीण हळूच म्हणाली, "हो."

मैत्रीण पांढरीफटक पडली. "बरं झालं सांगितलंस. आता मी तुला एकटीला सोडत नाही." तिनं मास्तरणीच्या भावाला बोलावलं आणि तिघं दवाखान्यात गेली.

उपचार चालू आहेत. मैत्रीण रोज भेटून येते, पण तिच्या चेहऱ्यावरून मला अजून काही कळत नाही. मला जीव मुठीत धरून बसावं लागतं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची निगा राखा, असं सांगायची आमची रीत आहे. आज मी तेल मागत नाही. काम चालल्याचा आवाज येतोय म्हणून माणूस बरं आहे, असं धरून चालू नका. उठून दार वाजवा, विचारा. 'हो' ऐकायची भीती वाटेल, तरी विचारा. आणि 'हो' आलंच, तर हात सोडू नका.