तंजावरातला एकुलता एक डोंगर

मी एक डोंगर बोलतोय. खिडकीबाहेर बघू नका, मी घरातच आहे. चेन्नईत नुंगंबाक्कमला, दुसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाशेजारच्या मोठ्या फळीवर. उंची सव्वा फूट, वजन सोललेल्या नारळापेक्षा कमी. पण डोंगर तो डोंगरच, रुबाबात मी कुणाला हार जाणार नाही.

माझा जन्म फ्रिजच्या खोक्यातला. नव्या फ्रिजला धक्का लागू नये म्हणून थर्माकोलचे ठोकळे घालतात ना, ते मी. फ्रिज घरात आला, त्याला हळदकुंकू लागलं आणि माझी रवानगी गच्चीत झाली. गरज सरो, वैद्य मरो! तीन महिने कावळे माझ्यावर चोची घासत होते.

खाली घरात मात्र रघुराम आगगाडी मांडत होता. हा रघुराम ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात सुटे भाग मोजतो, केसाएवढा फरक त्याला खपत नाही. त्याची आत्या कृष्णवेणी टी. नगरला लेकीकडे राहते. आत्याचे वडील तंजावरजवळच्या एका लहानशा स्टेशनात मास्तर होते. ते स्टेशन केव्हाच बंद पडलं. यंदा आत्याला ऐंशी पुरी होणार, तेव्हा तिचं स्टेशन होतं तसं करून तिच्यापुढे ठेवायचं, असं रघुरामनं मनावर घेतलं. त्यानं वाळू चाळून रुळांत खडी भरली. हिरव्या टॉवेलची भातशेतं केली. फलाटावरचा बाकसुद्धा मोजून मापून केला.

गाडी सुरू केली तेव्हा त्याची बायको सहाना बघत होती. ती म्हणाली, "अरे, ही नुसती भिंगरीसारखी गोल फिरतेय! गाडी कुठेतरी जातेय असं वाटायला हवं. जरा दिसेनाशी होऊ दे."

"मग बोगदा पाहिजे," रघुराम म्हणाला.

"बोगद्याला डोंगर हवा. तो मी करते."

सहाना वाईजवळच्या गावातली. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले होते, मराठीच घर आहे, भाषेची चिंता नाही. पण या घराची मराठी तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून निघालेली. ती कळायला बिचारीला सहा महिने लागले.

तिनं मला गच्चीतून आणलं, सुरी तापवून कापलं, थरावर थर चिकटवले. वर तमिळ वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून लावल्या. त्यामुळे माझ्या पोटात क्रिकेटचे धावफलक आहेत आणि वधू पाहिजेच्या जाहिरातीही आहेत. मातीसाठी तिनं रोजचा कॉफीचा चोथा वाळवून माझ्या अंगावर भुरभुरला. असा घमघमाट कुठल्या डोंगराला आहे, सांगा! माझा माथा तिनं सपाट ठेवला आणि डाव्या खांद्याला एक खाच केली. समोर चित्र नव्हतं, फोटो नव्हता. पंधरा दिवस ती गुणगुणत काम करत होती आणि मी मनातल्या मनात फुगत होतो.

वाढदिवसाला आठवडा असताना आत्याला स्टेशनाची कुणकुण लागली आणि तिला राहवेना. रविवारी सकाळी ती रिक्षा करून आली, लिफ्टनं वर पोचली. स्टेशन पाहिलं आणि तिचे डोळे भरले. फलाटावरच्या बाकाला तिनं बोट लावलं. मग तिची नजर माझ्याकडे गेली.

"रघु, हे काय रे?"

"डोंगर, आत्या."

"अय्यो! तंजावरांत डोंगर कोठला?"

झालं! नजर पोचेल तिथवर भातशेती, असा तो मुलूख. केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसाचा अख्खा डोंगर चुकला होता. रघुरामचे कान लाल झाले. "चुकलंच," म्हणत त्यानं मला उचललं.  सहाना स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला, तो बंदच करेना.

खरं सांगतो, मला रडू येत होतं. पुन्हा ती गच्ची, पुन्हा ते कावळे!

"ती कां गेली रे?" आत्यानं विचारलं.

"आत्या, तिच्या माहेरच्या घरामागें हा डोंगर आहे. आठवून आठवून केला तिनं."

आत्यानं माझ्या सपाट माथ्यावरून हात फिरवला. मग तिनं हाक मारली, "सहाना, ये इकडे. स्वामीमलै पाहिलीस तू?"

"नाही, आत्या."

"कुंभकोणाजवळ आहे. तिकडेही सगळं सपाटच. मुरुगन म्हणजे तुमचा कार्तिकेय, त्याला तर डोंगर पाहिजे! मग काय केलं? माणसांनीं बांधला. देवाला पाहिजे तर बांधतात, आणि सुनेला पाहिजे तर नको? रघु, ठेव तो खालीं!"

मी खाली टेकलो आणि सहाना हसली. डोळे पुसत हसली, पण हसली.

"सरि, ठीक," आत्या पुढे म्हणाली, "पण स्वामीमलैला साठ पायऱ्या आहेत. याला एकही नाही. वर जायचं कसं?"

रघुरामनं पट्टी लावून पाहिलं. "अडतीसच बसतील, आत्या."

"साठ म्हणजे साठ!"

मग काय, दोघांनी लग्नाची जुनी कार्डं कापली आणि पायऱ्यांना माझ्याभोवती वळसा देऊन साठ बसवल्या. गुदगुल्या इतक्या झाल्या की काय सांगू!

वाढदिवसाला गाडी शिटी देत माझ्या पोटात शिरली, बाहेर आली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आत्या मात्र खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. गुडघ्यांमुळे तिला घरचा जिनाही चढवत नाही. तिनं उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पायरीवर ठेवली आणि एक एक पायरी मोजत चढू लागली. चाळिसाव्या पायरीवर बोटं थांबली.

"थांबा गं, दम लागला."

सगळे थांबले. बोटं पुन्हा निघाली आणि माथ्यावर पोचली.

"सहाना, इथून तुझं गाव दिसतं का गं?"

सहाना तिच्याशेजारी वाकली, गालाला गाल लावून. "दिसतं, आत्या. आई अंगणात आहे. हात हलवतेय."

"मग तूही हलव," आत्या म्हणाली आणि तिनं स्वतःचाच हात वर केला.

मंडळी, कधी इकडे आलात तर माझ्याकडेही या. पंखा तेवढा हळू ठेवा, मी हलका आहे. पायऱ्या सावकाश चढा. आणि वर पोचल्यावर लगेच उतरू नका. आपलं गाव दिसायला थोडा वेळ लागतो.