ढगाला पत्ता कुठला सांगू?

मी अडकित्ता. इथे लखनौत मला सरौता म्हणतात, पण त्या नावाला मी ओ देत नाही. साताऱ्याच्या एका लोहाराने मला घडवलं आणि पंढरीनाथांच्या सामानातून मी इकडे आलो. ते रेल्वेत इंजिनिअर होते.

चारबागजवळच्या क्वार्टरमध्ये रोज जेवणानंतर मी सुपारी कातरायची आणि त्यांनी लेकीला, विभाला, संस्कृत श्लोक म्हणून दाखवायचे, हा शिरस्ता. ओळीत जिथे थांबायचं तिथे ते मला कट्‌कन दाबत. त्यांच्या पत्नी नयनाताई वैतागत, "झाली ह्यांची कटकट सुरू!" पण दारातून हलत नसत. माणसांचं असंच असतं. तोंड एक बोलतं, पाय दुसरंच करतात.

गेल्या वर्षी पंढरीनाथ गेले. निवृत्तीनंतर राहायला म्हणून सरोजिनी नगरला फ्लॅट घेतला होता, तो बांधून व्हायच्या आधीच. क्वार्टर सोडावं लागलं आणि मायलेकी इथे आल्या. मी जेवणाच्या टेबलावर पडून असतो. सुपारी कोणी खात नाही. माझी पाती गंजत चालली आहेत आणि खरं सांगतो, त्यांच्या हाताची मला फार आठवण येते.

उद्या वर्षश्राद्ध. त्यासाठी विभाने बाबांवर कविता लिहायला घेतली आहे. जुन्या काव्यातले विरही लोक ढगाबरोबर निरोप धाडत, तसा तिनेही धाडला. तिचा ढग गोमतीचं पाणी पितो, हजरतगंजवर सावली धरतो, हंसांच्या मागून उत्तरेला निघतो. तिथे कविता अडली.

"आई, शेवटी ढगाला घराची खूण सांगायची असते. बाबांचा पत्ता कुठला सांगू?"

"अगं, साधं लिही ना यार! हंस-बिंस कशाला?"

"मला साधं रडता येत नाही. बाबांनी हेच शिकवलंय मला."

नयनाताई टेबल पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अच्छा, मग त्या ढगाला म्हणावं, बाबा भेटले की आपला पत्ता सांग. ह्यांनी हे घर कुठे पाहिलंय?"

विभाला रडू फुटलं. मग डोळे पुसून ती लिहू लागली. कानपूर रोड, डोक्यावरून उतरणारी विमानं, बाल्कनीतली तुळस.

"आणि लिही," नयनाताई म्हणाल्या, "लिफ्ट सारखी बंद असते. गुडघे सांभाळून, सावकाश या म्हणावं."

ती ओळ वृत्तात बसेना. विभाने ती तशीच ठेवली.