प्रमोदच्या रायफलचं परदेशगमन

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात प्रमोदने रेशनकार्डाचा अर्ज भरला आणि अर्जदार म्हणून माझं नाव घालून ‘पत्नी’च्या रकान्यात स्वतःचं घातलं. तेव्हापासून आमच्या घरातले कागद माझ्याकडे आले ते आलेच. पुण्याहून न्यूझीलंडमध्ये पापाकुराला येतानाचे व्हिसा, दोन्हीकडच्या आईवडिलांचे विमे, घराचं कर्ज, सगळं मीच निस्तरलं. डॉक्टरसाहेब फक्त सही करायचे, तीही भलत्याच रेघेवर.

तेव्हा बंदुकीचे अर्जही माझ्याच गळ्यात पडले यात नवल नाही. मला स्वतःला शिकार कधी आवडली नाही. मी फार्मसिस्ट; दिवसभर लोकांना जगवायच्या गोळ्या द्यायच्या आणि संध्याकाळी नवऱ्याच्या काडतुसांची पावती फाइलला लावायची, असा माझा संसार.

प्रमोद चंद्रपूरचा. वडील वनखात्यात, त्यामुळे बालपण जंगलाच्या कडेला गेलेलं. सकाळी उठून दार उघडलं की कुंपणापाशी चितळं उभी असायची, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलंय की ती चितळं मीच पाहिल्यासारखी वाटतात. त्यांच्यावर बंदूक रोखायचा विचारही तिथे कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. वडिलांनी फोडून काढलं असतं. इथे आल्यावर मात्र शेजारच्या ग्रॅहमने त्याला सांगितलं की या देशात हरणं बाहेरून आणलेली, त्यांना खाणारा प्राणी नाही, ती रान फस्त करतात, म्हणून मारावीच लागतात. प्रमोदला हे पटायला दोन वर्षं लागली. पटल्यावर मात्र तो कामातून गेला.

ग्रॅहम इलेक्ट्रिशियन. सहा फुटांच्या वर उंच, बोलणं जेमतेम. दोघांनी पहिलं हरीण आणलं तेव्हा ते शिजवायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. घरात गोडा मसाला होता, तो घातला. ग्रॅहमने तीन वेळा वाढून घेतलं. तेव्हापासून गोड्या मसाल्याशिवाय हरणाचं मटण अपुरं असतं असं त्याचं ठाम मत आहे, आणि ते तो भेटेल त्या किवी माणसाला ऐकवतो.

खंडेनवमीलाही तो यायचा. पाटावर प्रमोदचा स्टेथोस्कोप, माझी विळी आणि गोळ्या मोजायची तबकडी, आमच्या लेकीचा, अनुयाचा, लॅपटॉप, ग्रॅहमची पक्कड आणि मधोमध, गोळी सरकवायचा बोल्ट काढून ठेवलेली प्रमोदची रायफल. पहिल्या वर्षी ग्रॅहमने हळूच विचारलं, “बिघडलीय का ती?” मग समजावून सांगितल्यावर तो गुडघे मोडत, कण्हत, जमिनीवर बसला. मी सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावायची आणि मग माणसांना. ग्रॅहम खाली बसला तरी त्याच्या कपाळापर्यंत माझा हात नीट पुरत नसे.

तर चितळं. एका रविवारी अवोन्डेलच्या बाजारातून मी मेथीच्या जुड्या घेऊन आले, तर हा दारातच उभा.

“मालती, अगं, ऑस्ट्रेलियात चितळं आहेत! क्वीन्सलंडला! शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडून नेलेली.”

“म्हणजे तीही आपल्यासारखी पीआर घेऊन कायमची बसलीत तर,” मी म्हटलं. “मेथी निवडायला बस.”

पण त्याने ते डोक्यात घेतलं. क्वीन्सलंडला जायचं, आपली रायफल घेऊन, ग्रॅहमबरोबर. मी त्याला विचारलं, तू लहानपणी ज्यांच्याकडे बघत दात घासलेस त्यांना गोळी घालणारेस? तो म्हणाला, “माहीत नाही गं. पण जायचंय.” बायकोला असली उत्तरं देणारा हा माणूस पेशंटना कसली देत असेल, असं मला वाटायचं.

मग मी कागद काढले. स्वतःची बंदूक स्वतःच्या सामानातून नेली तरी सरकारच्या लेखी ती निर्यात. कंटेनर भरून तोफा विकायला निघाल्यासारखी परवानगी लागते. वेलिंग्टनचं एक्स्पोर्ट परमिट, क्वीन्सलंडच्या पोलिसांचा कागद, विमान कंपनीचं पत्र. रायफलचा नंबर प्रत्येक ठिकाणी तोच हवा, एक आकडा चुकला की सगळं मुसळ केरात. नाकी नऊ आले, पण मी सगळं जमवलं. परमिट आलं ते २०२० च्या मार्च महिन्यात. पुढच्याच आठवड्यात सीमा बंद झाल्या.

परमिटची मुदत संपली. पुढे सीमा उघडल्या तेव्हा प्रमोदचं हृदय थकलेलं होतं. मग बरा झाला की जाऊ, उन्हाळ्यानंतर जाऊ, असं म्हणत आम्ही ते ढकलत राहिलो. गेल्या वर्षी थंडीत तो गेला.

माझ्याकडे लायसन्स नाही, त्यामुळे रायफल घरात ठेवता येईना. अनुयाचं मत ठरलेलं होतं. “आई, जस्ट हँड इट इन. पोलीस घेऊन जातील, दे’ल डिस्ट्रॉय इट. व्हॉट्स द पॉइंट?” तिचं काही चुकत नव्हतं. पण ग्रॅहम आला, आपल्या नावावर नोंद करून घेतली आणि रायफल स्वतःच्या तिजोरीत ठेवली. भिंतीपलीकडे आहे, एवढं मला पुरत होतं.

आणि या ऑगस्टमध्ये ग्रॅहमने घर विकलं. एकटा पडला होता, गुडघे गेलेले, लेक क्वीन्सलंडला टाउन्सव्हिलजवळ राहते, ती कधीची बोलावत होती. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने हे सांगितलं आणि मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, “माझ्या दोन्ही बंदुका मी विकल्या, माल्टी. प्रमोदची तेवढी न्यायचीय. लेकीच्या घरापासून दोन तासांवर चितळं आहेत. त्याच्या वतीने तिथे जाऊन बसावं म्हणतो. कागदाचं मात्र मला काही कळत नाही.”

मला आधी रागच आला. प्रमोदच्या गोष्टी मराठी मंडळातल्या बायकांना सांगितल्या की त्या हळहळतात आणि विषय बदलतात. ग्रॅहम एकटाच असा, जो मधूनच म्हणायचा, “नाही, तेव्हा पाऊस नव्हता, धुकं होतं.” आता हाही निघाला, रायफलही निघाली, आणि दोघांना वाटेला लावायचे अर्ज मीच भरायचे! पण दुसरीकडून मला ती रायफल चितळांच्या मुलखात पोचायलाच हवी होती. प्रमोदचं एवढं एकच काम माझ्या हातून राहिलेलं होतं, आणि ते राहिलं म्हणजे काय ते मला रोज रात्री जेवताना समोरच्या खुर्चीत दिसत होतं.

बसले. चष्मा लावला. जुनी फाइल काढली. परमिट नवं, नाव ग्रॅहमचं, नंबर तोच. क्वीन्सलंडच्या बाजूने त्याच्या लेकीने धावपळ केली. सप्टेंबर संपता संपता शेवटचा कागद आला, आणि विमान नेमकं दसऱ्याच्या दिवशीचं निघालं.

म्हणजे आदल्या दिवशी खंडेनवमी. ग्रॅहम रायफल घेऊन आला, न सांगता बोल्ट काढला, पाटावर ठेवली आणि खाली बसला. यंदा झेंडू मिळाला नव्हता, पिवळी डेझी वाहिली. मी कुंकू तेलात कालवलं, टिकून राहावं म्हणून, आणि हात जरा सैलच सोडला. दस्त्याला लावलं, नळीला लावलं, मधल्या धातूच्या भागाला तर सढळ बोटाने लावलं. शेवटची पूजा होती. कंजूषपणा कशाला करायचा?

दुसऱ्या दिवशी मीच त्याला एअरपोर्टला सोडायला गेले. बंदुकांच्या सामानासाठी कडेला वेगळं काउंटर असतं. तिथे एक तरुण ऑफिसर बाई होती. “किआ ओरा,” असा माओरी नमस्कार करून तिने हसून कागद घेतले. माझी फाइल बघून ती म्हणाली, “इतकी नीटनेटकी मी क्वचितच बघते.” मी मनातल्या मनात ताठ झाले. मग ग्रॅहमने पेटी उघडली.

रायफल लाल होती. तेलातलं कुंकू रात्रीत पसरून वाळलं होतं, आणि धातूवर ठोकलेल्या नंबराच्या खाचांत तर गच्च भरलं होतं.

बाईचं हसू गेलं. “हे रक्त आहे का?” तिने विचारलं. “जनावराचं रक्त असलेली वस्तू ऑस्ट्रेलिया आत घेणार नाही.”

“नाही, नाही, कुंकू आहे,” मी म्हटलं. “हळदीचं करतात. आम्ही काल हिची पूजा केली.”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ग्रॅहमकडे. ग्रॅहमने गंभीरपणे मान हलवली.

“ग्रॅहम, तू पुसलं का नाहीस?” मी कडाडले.

“पुसायचं असतं?” तो गोंधळून म्हणाला. “मला वाटलं ते राहू द्यायचं असतं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं मी कुंकू लावत होते आणि दसऱ्यानंतर ते कुठे जातं याचा कधी विचारच केला नव्हता. प्रमोद पुसत असणार. गॅरेजमध्ये, तिजोरीत ठेवायच्या आधी, मला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप.

बाई नंबर वाचायला वाकली. “पुढचे आकडे जुळतात. शेवटचे तीन दिसत नाहीत. ते दिसल्याशिवाय मी ही पाठवू शकत नाही, सॉरी. आणि चेक-इन बंद व्हायला आलंय. साफ होत असेल तर आत्ता करा. नाहीतर तुम्ही जा, ही इथेच राहील.”

ग्रॅहमने खिशातून रुमाल काढला. पुढे झाला आणि थांबला. का थांबला ते मला लगेच कळलं. प्रमोदच्या अंत्यविधीला एक लांबच्या मावशी माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे सारख्या बघत होत्या. ग्रॅहमने नंतर मला कारण विचारलं होतं, आणि मी त्याला सांगितलं होतं. माझे वडील गेले तेव्हा दोन बायकांनी माझ्या आईला धरून तिचं कुंकू पुसलं होतं, मी दारात उभी राहून ते पाहिलं होतं, आणि प्रमोदच्या नावाचं माझं मी कुणाला पुसू देणार नाही, असं मी त्याला म्हटलं होतं.

त्याने रुमाल माझ्यापुढे धरला. “हे मी नाही पुसणार, माल्टी,” तो म्हणाला. “तू म्हणालीस तर रायफल इथे ठेवून जातो.”

“तुमच्याकडे लायसन्स आहे?” बाईने मला विचारलं.

“तिच्याकडे नाही. मी शेजारी उभा आहे,” ग्रॅहम म्हणाला. “लायसन्सवाला शेजारी असला की चालतं ना?”

बाईने क्षणभर विचार केला आणि पेटी माझ्या बाजूला वळवली.

मला ते पुसायचं नव्हतं. आईच्या कपाळावरून फिरलेला तो ओला पंचा मला समोर दिसत होता. पण रायफल इथे राहिली असती तर पुन्हा कुठल्यातरी तिजोरीत पडली असती, आणि प्रमोद पुन्हा एकदा सीमा बंद झाल्यासारखा घरी बसला असता. आईला कुणी विचारलं नव्हतं. मला निदान विचारत होते.

मी अंगठा टेकवला आणि कुंकू खरवडलं. तेलामुळे ते लोण्यासारखं सुटलं. खाली थंडगार धातू होता. मग पर्समधलं सॅनिटायझर रुमालावर घेऊन खाचा पुसल्या, एकेक आकडा. मला स्वतःचाच संताप येत होता. सात. एक. चार. बाईने कागदाशी जुळवून पाहिलं.

“स्वीट ॲज,” म्हणजे इथलं ‘झकास’, ती हळूच म्हणाली आणि शिक्का मारला. पेटी बंद झाली, कुलूप लागलं, पट्ट्यावर चढली.

माझा अंगठा लालभडक होता. रुमालाकडे हात गेला, पण पुसवेना. मी वर पाहिलं, तर एवढा ताडमाड ग्रॅहम गुडघ्यांवर हात ठेवून, मी न सांगताच माझ्यापुढे वाकला होता. मी ते कुंकू त्याच्या कपाळाला लावलं. बोट भुवयांच्या मध्ये जरा जास्तच वेळ राहिलं.

“नीघ आता,” मी म्हणाले. मराठीतच म्हणाले, पण त्याला कळलं.

तो आत जाईपर्यंत मी उभी राहिले. मागून कुणीतरी ट्रॉली ढकलत आलं तेव्हा बाजूला झाले आणि मग तिथल्याच बाकावर बसून भरपूर रडले. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण मनात पुन्हा पुन्हा एकच येत होतं की गेला प्रमोद एकदाचा, पोचेल संध्याकाळपर्यंत.