सातपट दुर्बीण

जाळ्याच्या टोकाला बांबूवर बांधलेलं लाल निशाण गेल्या आठवड्यात काका आणि त्यांची थोरली पुतणी, दोघांनाही दिसलं नाही आणि अख्खं जाळं प्रवाहाबरोबर वाहून गेलं. काकांनी त्याच दिवशी निकाल देऊन टाकला, "आणखी एक जाळं गेलं की होडी विकायची." वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सुकाणू थोरलीच्या हातात होतं. ते तिला सोडायचं नव्हतं.

दुर्बिणींच्या दुकानात शिरताच काकांनी सर्वांत लांबलचक दुर्बीण उचलली आणि दारात उभं राहून चौकापलीकडच्या गच्चीवरचं कबुतर न्याहाळलं.

"वीसपट! पोरी, त्याच्या पायाची नखं मोजतोय मी. हीच घ्यायची."

"आपण काय कबुतरं धरायला जातो का?"

दुकानदार हसला. थोरलीने कोपऱ्यातलं एक पाय आखूड असलेलं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि मुद्दाम डुलू लागली.

"ताई, पडाल!"

"होडीत रोज अशीच उभी असते, भाऊ. द्या ती इकडे."

वीसपटीतून समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी अशी नाचू लागली की एक अक्षर धड लागेना. दहापटीतून नाव लागलं, खालचा फोन नंबर नाही. मग तिने कपाटाच्या तळाची, रबराचं आवरण खरचटलेली जाडजूड दुर्बीण मागितली. सातपट, पुढची भिंगं पन्नास मिलिमीटरची. स्टूल डुगडुगत असतानाच तिने नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत वाचून दाखवला.

"सातच?" काकांचं तोंड उतरलं. "लोक हसतील."

"हसू देत. भाऊ, पाणी चालतं हिला?"

"शंभर टक्के वॉटरप्रूफ."

"मग बादली आणा."

दुकानदाराने काकांकडे पाहिलं, काकांनी छताकडे. बादली आली. पाच मिनिटं दुर्बीण पाण्यात बुडून राहिली. पुसल्यावर भिंगाच्या आत दमटपणाचा ठिपकाही नव्हता. खरचटल्यामुळे किंमतही वीसपटीच्या निम्मी. थोरलीने तीच घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राला उसळी होती आणि रात्री टाकलेलं जाळं जागेवर नव्हतं. काकांनी हट्टाने मित्राची वीसपट मागून आणली होती.

"दिसलं! छे, लाट आहे. ते बघ, ते! हट्, तीही लाटच."

थोरलीने इंजिन मंद केलं, सातपट डोळ्यांना लावून कोपरं केबिनच्या छतावर टेकवली, गुडघे सैल सोडले आणि डावीकडून उजवीकडे पाण्याचा पट्टा पट्टा तपासायला घेतला. तिसऱ्या फेरीत एका लाटेच्या पाठीवर लाल फडकं उठलं आणि बुडालं. तिने नजर हलवली नाही. ते पुन्हा उठलं.

"काका, धरून बसा!"

होडीने वळण घेतलं. वीस मिनिटांनी बांबू काकांच्या मुठीत होता. जाळं वर येऊ लागलं आणि चांदी चमकावी तशी मासळी उसळू लागली. काकांनी एका हाताने दोर धरला आणि दुसऱ्याने भावाला फोन लावला.

"दादा, तुझ्या पोरीने एवढ्या लांबून निशाण टिपलं! अख्खं जाळं मिळालं, भरून! काय? होडीला गिऱ्हाईक? हाकलून दे त्याला! कसली होडी विकतोस, डोकं फिरलंय का तुझं?"

"काका, फोन ठेवा," थोरली ओरडली. "अर्धं जाळं अजून पाण्यात आहे. ओढा!"

काकांनी निमूटपणे फोन खिशात टाकला आणि दोन्ही हात लावले.